४५४ टीबीआय: कॅमशाफ्टची घाई नको

तुझा १९९१ चा शेवरोले ट्रक आणि त्यातलं ७.४ लिटरचं ४५४ (म्हणजे ४५४ घनइंचांचं) इंजिन, मस्त जोडी आहे! त्याची ताकद वाढवायला सुरुवात कुठून करायची, हे तू विचारलंस. कंपनीने या इंजिनातून साधारण २३० हॉर्सपॉवरच काढली, पण खालच्या आरपीएमला जोर भरपूर दिला. ओढायला हेच इंजिन हवं.

पहिली चूक जवळपास सगळेच करतात: थेट मोठा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवणं. टीबीआयचा (थ्रॉटल बॉडीतून पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेचा) कॉम्प्युटर इंजिनात किती हवा जातेय हे मोजत नाही, इनटेक मॅनिफोल्डमधल्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून अंदाज बांधतो. मोठ्या कॅमने व्हॅक्यूम पडला की त्याचा हिशेबच चुकतो. आयडलला (जागेवर उभी असताना) गाडी थरथरते, पेट्रोल ढोसते आणि कॉम्प्युटरची चिप नव्याने ट्यून केल्याशिवाय सुधारत नाही. शिवाय सिलिंडर हेड्सचे इनटेक पोर्ट (हवा आत जायच्या वाटा) लहान आहेत, त्यामुळे वरच्या आरपीएमला फारसं हाती लागतही नाही. म्हणून कॅम आत्ता विसर.

आधी एवढंच कर:

- सगळ्या आठ सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघणं). थकलेल्या इंजिनावर पैसे ओतू नकोस.
- गेज लावून फ्युएल प्रेशर बघ. पंप दमलेला असेल तर बाकी सगळं फुकट.
- प्लग, वायर, कॅप, रोटर बदल. टायमिंग तपासताना कॉम्प्युटरची बायपास वायर काढायला विसरू नकोस, नाहीतर आकडा खोटा दिसेल.
- मग एक्झॉस्ट बदल. खरा फरक इथेच जाणवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले बोल्ट हमखास तुटतात, आदल्या रात्रीच तेल मारून ठेव.

हेड्स आणि चिपचं नंतर बोलू. कॉम्प्रेशनचे आठही आकडे आधी मला कळव.