मोठ्याने वाच

पोरी,

रविवारी आलीस, तासभर बसलीस, चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाहीस. जाताना चपला घालता घालता म्हणालीस, ‘मॅडम, सिरिंज भरताना माझा हात थरथरतो. नवजात बाळांचा एनआयसीयू सोडून जनरल वॉर्ड मागून घेऊ का?’ उत्तर तिथेच द्यायला हवं होतं, पण तुझी विडी घरकुलची बस चुकली असती.

हात थरथरतो ते बरंच आहे. माझा थरथरत नव्हता.

नोकरीचं सहावं वर्ष. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. रात्रपाळीला चौदा बाळं आणि आम्ही दोघी, त्यातलीही एक लेबर रूममध्ये गेलेली. ११०० ग्रॅमचं एक बाळ मधूनच श्वास घ्यायचं विसरायचं. अपुऱ्या दिवसांची बाळं विसरतातच. हल्ली त्यावर कॅफीन देतात, तेव्हा अमिनोफायलिन असायचं. १० मिलीच्या अँप्युलमध्ये २५० मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत २५. द्यायचं किलोमागे २, म्हणजे २.२ मिलिग्रॅम. हिशेब येतो ०.०९ मिली. आधी पातळ करून घ्यायचं असतं, तेही मी केलं नाही. सरळ ०.९ भरलं आणि दिलं. मधलं शून्य मी खाल्लं.

थोड्याच वेळात ठोके २२०वर गेले, मग झटके आले. बाळ वाचलं, महिन्याभराने आईबरोबर घरी गेलं. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. केसपेपरवर काय लिहिलं गेलं ते विचारू नकोस. चौदा बाळं होती, सोबतीण नव्हती, पोटात अन्न नव्हतं, ही सगळी कारणं खरी आहेत आणि पंचवीस वर्षं मी ती स्वतःला ऐकवत आलेय. पण त्या रात्री ‘झिरो पॉइंट झिरो नाइन’ एवढं तोंडाने म्हटलं असतं, तर माझ्याच कानाने मला धरलं असतं.

म्हणून मोठ्याने वाच. बाळाचं आजचं वजन, औषधाचं नाव, एका मिलीत किती, द्यायचं किती, सिरिंजमध्ये किती. तू घरी तेलुगूत मोजतेस, मनात खुशाल तसं मोज, पण तोंडाने एकेक आकडा सुटा म्हण. आणि समोरच्या सिस्टरने तिचा हिशेब तिने मांडायचा. तुझ्या कागदात डोकावून मान हलवली, याला तपासणं म्हणत नाहीत. ऑर्डरमध्ये नुसतं ‘.५’ दिसलं तर ‘०.५’ करून आण. ‘१.०’ असेल तर पुढचं शून्य खोडायला लाव, टिंब पुसट झालं की त्याचे दहा होतात. रेसिडेंट डॉक्टर वैतागेल. वैतागू दे.

तुझी आई विड्या वळते ना? हजार विड्या नेऊन दिल्या की घेणारा त्या पुन्हा मोजतोच. आईला त्याचा राग येत असेल, मलाही आला असता. पण विडीची मोजणी दोनदा, आणि ज्याच्या अंगात सगळं मिळून तू टाकून गेलीस त्या चहाइतकं, जेमतेम शंभर मिली रक्त, त्याचं औषध एकटीने भरायचं?

‘आणि बाळ निळं पडलं तर?’ असं विचारशील. तेव्हा आधी औषध नाहीच लागत. लागतो श्वास, हाताने दाबायची बॅग आणि मास्क. औषधाची वेळ आलीच, तर धावपळीतही वाच.

बाकीचं तुला येतं. हात धुणं सांगत बसत नाही. मे महिन्यात बाहेर सोलापूर ४३ अंशांवर भाजत असतं आणि आत एसीखाली आपलं बाळ गार पडतं, हेही तू पाहिलंयस. ऊब देणाऱ्या वॉर्मरचा, बाळाच्या अंगावर चिकटवलेला प्रोब मात्र दर फेरीला हाताने चाचपून बघ. तो सुटला की यंत्राला बाळ गारच वाटतं आणि ते भाजत राहतं. ऑक्सिजन चालू असलेल्या बाळाचं सॅच्युरेशन १०० दिसलं की नातेवाईक खूश होतात. आपण व्हायचं नाही, ऑक्सिजन जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचे पडदे जाऊ शकतात. नवजात बाळांच्या नर्सिंगचा डिप्लोमा करायचा तर कर, एक वर्षाचा असतो. पण आधी वर्षभर वॉर्मरशेजारी उभी राहा.

मला सगळ्या ‘वाचनालय’ म्हणायच्या. एकदा डॉक्टर ‘वेळ नाही’ म्हणाले, तरी मोठ्याने वाचून झाल्याशिवाय मी सिरिंज हातातून सोडली नाही. पुढच्या महिन्यात माझी ड्यूटी ओपीडीत ड्रेसिंगला लागली. त्याचं मला काही नाही, आजही तेच करीन. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझ्या हाताखालच्या दोन चांगल्या मुली युनिट सोडून गेल्या. त्यांना वाटलं, बाई आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. समजावायचं तर ती रात्र सांगावी लागली असती आणि तेवढी माझी छाती नव्हती. तुला पहिल्यांदा सांगतेय.

वॉर्डबदलीचा अर्ज इतक्यात देऊ नकोस. रविवारी ये, येताना एक मिलीच्या चार-पाच सिरिंज घेऊन ये. मी वजनं सांगेन, तू हिशेब करून पाणी भर. मोतीबिंदू काढल्यापासून त्या बारीक रेघा मला नीट दिसत नाहीत, त्यामुळे किती भरलंस ते तुलाच वाचून दाखवावं लागेल.

तुझी
मॅडम