तिसऱ्या पानावरची रेघ

प्रिय मुली,

त्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलाच्या तपासणीचा तुझा अहवाल वाचला. चाचण्यांचे गुण नीट मांडलेस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त तिसऱ्या पानावर ‘असंबद्ध बडबड’ लिहिलंयस, त्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. असंबद्ध कुणाला? तुला की त्या मुलाला?

मीही एकदा हेच केलं होतं. पाच-सहा वर्षांचा मुलगा. ठोकळे लावता लावता मध्येच म्हणायचा, “फार लागलं का?” मी प्रत्येक वेळी खूण करत गेले आणि शेवटी ‘निरर्थक पुनरुक्ती’ असा शेरा मारला. निघताना आईला सहज विचारलं. ती म्हणाली, “जिन्यावरून पडला तेव्हा मी असं विचारलं होतं. तेव्हापासून घाबरला की हेच म्हणतो.” पाऊण तास ते पोर भीती वाटतेय म्हणून सांगत होतं, आणि मी खुणा मोजत होते.

खरं तर हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. ऑटिझमवर सुरुवातीचं काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६ साली अशाच बोलण्यावर निबंध लिहिला होता. त्यातला एक मुलगा पातेल्यासारखं काही दिसलं की ‘पीटर ईटर’ म्हणायचा. तो दोन वर्षांचा असताना आई ‘पीटर, पीटर, पम्पकिन ईटर’ हे इंग्रजी बडबडगीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं होतं. आईला आठवलं, म्हणून उलगडा झाला. त्याआधी १९४३ च्या निबंधात कॅनरांनी अकरा मुलांच्या नोंदी दिल्या. त्यातल्या पहिल्या मुलाबद्दल त्याच्या वडिलांनी तेहतीस पानं टाइप करून पाठवली होती! म्हणजे आपण शिकलो ते आईबापांकडूनच. आणि याच कॅनरांनी १९४९ मध्ये आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवलं. मला याचा अजून राग येतो. बर्नार्ड रिमलँड स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून आईबापांमुळे ऑटिझम होतो हा समज खोडला. तरी तुझ्यासमोर बसलेली आई कधी ना कधी विचारणारच, “माझं काही चुकलं का?” तेव्हा गुळमुळीत बोलू नकोस. सरळ ‘नाही’ म्हण.

आता तुझ्या अहवालातल्या मुलाच्या वाक्याकडे. त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिही, सुधारून नको. मग घरच्यांना विचार: हे पहिल्यांदा कधी ऐकलंत? कोण म्हणालं होतं? तेव्हा काय घडलं होतं? दर वेळी मूळ सापडेलच असं नाही. काही वाक्यं मुलांना नुसती म्हणायला आवडतात (तुला नाही का एखादी ओळ दिवसभर गुणगुणावीशी वाटत?). तसं असेल तर तसं लिही.

‘पुनरुक्ती कमी करणे’ हे उद्दिष्ट मात्र काढून टाक. मुलाकडे तेवढंच एक वाक्य असेल, तर ते बंद पाडून आपण त्याला काय देणार? ‘नजरेला नजर देणे’ हेही काढ, त्यावर भेटल्यावर बोलू.

गुरुवारी आई येणार आहे ना? तोवर तिसरं पान कोरं राहू दे.

तुझी,
ताई