काचांमधलं धुकं आणि तो आंबट वास

वडोदऱ्यातल्या गोत्रीच्या दादांनी लिहिलंय की अकरा वर्षांपूर्वीच्या डबल काचेच्या खिडक्या पश्चिमेकडच्या बाजूला पांढरट झाल्यात, आतून-बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाही, आणि खिडकीवाला म्हणतो चौकटीसकट बदला. दादा, वाचताना वाटलं आमच्या इथल्याच अकोटा भागातल्या घराचंच लिहिलंय!

चौकटीला हात लावू देऊ नका. यूपीव्हीसी, म्हणजे चौकटीचं कडक प्लास्टिक, ठिसूळ झालं नसेल, पल्ल्याचे कोपरे उघडले नसतील, तर बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी पट्टी, काढून नुसती काचांची जोडी बदलता येते. भोक पाडून आतून वाळवून देतो म्हणणारेही भेटतील. दोन काचांच्या काठाचं हवाबंद सील गेलं म्हणून आत दमट हवा शिरून धुकं धरतं, आणि गेलेलं सील त्याने परत येत नाही.

आता माझी चूक. 2019 मध्ये तीन काचा बदलल्या, 24 हजार गेले. काम चालू असताना घरभर व्हिनेगरसारखा वास. कारागिराला विचारलं, "भाई, आ शानी वास आवे छे?" तर म्हणे, "सिलिकॉननी, बेन. बे दिवसमां जती रहेशे." दोन दिवसांत वास गेला खरा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर काचाही पुन्हा पांढरट झाल्या. काचेच्या कडा भरायच्या त्या आंबट वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते जोडकाचेच्या काठाचं सील खातं, हे मला नंतर कळलं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारी, असं लिहिलेली ट्यूबच हवी. शिवाय पठ्ठ्याने काचेखाली पॅकर, म्हणजे टेकूचे छोटे तुकडे, न ठेवता ती थेट चौकटीवर टेकवली आणि पाणी जायची भोकंही बुजवून टाकली, म्हणजे काठ पावसाळाभर पाण्यात. नुकसान वासाने जास्त केलं की पाण्याने, देव जाणे. मी काही काचवाली नाही, दोनदा पैसे भरलेली गिऱ्हाईक आहे.

खरा मनस्ताप कंपनीच्या ऑफिसात. नाव घेत नाही. आधी म्हणाले, खोलीत दमट आहे, एसी कमी चालवा. वडोदऱ्यात, मे महिन्यात! मग काचेवरचं स्टिकर मागितलं. ते त्यांच्याच डीलरने पाठवलेल्या माणसाने खरवडून काढलेलं. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, वॉरंटी काचेवर आहे, बसवण्यावर नाही. आणि सील कशात धरायचं, तर बसवण्यात!

नवीन घेताना विक्रेता यू-व्हॅल्यू, म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते, ते ऐकवत बसेल. आपल्याकडे पश्चिमेला आधी एसएचजीसी विचारा, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येते. साधी काच 0.8 च्या आसपास असते, मी 0.3 च्या खाली मागेन. लो-ई लेप, म्हणजे उष्णता अडवणारा पातळ थर, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा. काच उलटी बसली तर ती उष्णता आतल्या काचेत साठते आणि खोलीत येते. रात्री आतून लायटर धरा, चार ज्योती दिसतील. तुमच्याकडून तिसरी वेगळ्या रंगाची दिसली की काच सुलट.

तोपर्यंत गडद फिल्म चिकटवू नका, डबल काच तापून तडकू शकते. खरं सांगू का, बाहेरून चिकाचा पडदा सोडलात तर निम्मं काम तिथेच होईल. सोसायटी परवानगी देते का बघा.

आणि काम चालू असताना तिथेच उभे राहा. स्टिकरचा आणि सिलिकॉनच्या ट्यूबचा फोटो काढा. आमची ट्यूब कारागीर त्याच दिवशी कचऱ्यात टाकून गेला होता.