उत्तर: लांबी 83886080 येते तेव्हा

आपण लिहिले आहे की जावामधील क्लायंट (जोडणी मागणारा प्रोग्राम) पायथनच्या सर्व्हरशी (जोडणी स्वीकारणाऱ्या प्रोग्रामशी) जोडला जातो, पण पाच बाइटांच्या संदेशाआधी पाठवलेली त्याची लांबी सर्व्हरला 83886080 दिसते आणि पुढे सारे ठप्प होते. आपला पूर्ण कोड मी पाहिलेला नाही, तरीही हा आकडा पुरेसा बोलका आहे. जावाचा डेटाआउटपुटस्ट्रीम (आकडे बाइटांच्या रूपात पाठवणारा वर्ग) 5 हा अंक 00 00 00 05 असा, म्हणजे मोठा बाइट आधी ठेवून पाठवतो. पायथनमध्ये अनपॅक करताना, म्हणजे बाइटांचा पुन्हा आकडा करताना, नुसते 'i' (पूर्णांकाची खूण) दिले, तर इंटेलच्या यंत्रावर तेच बाइट उलट्या क्रमाने वाचले जातात आणि 5 चा 83886080 होतो. त्याऐवजी '!i' लिहावे, म्हणजे पायथनही मोठा बाइट आधी धरतो.

मात्र क्रम सुधारल्यावरही त्रास संपेल असे नाही. ट्रकचे वजन संदेशाने पाठवणाऱ्या एका वजनकाट्याच्या पुरवठादाराने आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात "पहिले चार बाइट लांबीचे" एवढेच होते. त्या लांबीत ते चार बाइट स्वतः धरलेले आहेत की नाहीत, याचा उल्लेख नव्हता. ते धरलेले होते. परिणामी आमचा प्रोग्राम पहिल्या ट्रकचे वजन मिळूनही आणखी चार बाइटांची वाट पाहत बसे, दुसरा ट्रक आला की त्याच्या संदेशाची लांबी गिळून टाकी आणि त्याच्या वजनाचे अंक लांबी म्हणून वाची. विचारणा केली की "आमच्या बाजूने सर्व व्यवस्थित आहे, तुमची फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) तपासा" हेच उत्तर ठरलेले. जोडणी होते आहे, बाइट येत आहेत, मग फायरवॉलचा संबंध काय, हे विचारण्याची सोय तिथे नव्हती. शेवटी वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारे बाइट दाखवणाऱ्या साधनात) कच्चे बाइट पाहिले तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून लांबी 80 ते 97 कोटींच्या दरम्यान दिसली की मी आधी हाच संशय घेतो, कारण '0' ते '9' या अक्षरांचे कोणतेही चार बाइट पूर्णांक म्हणून वाचले की याच टप्प्यात पडतात.

लांबी बाइटांतच मोजावी. जावात "नमस्कार"ची लेंग्थ (चिन्हांची संख्या) 7 येते, पण यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत) त्याचे 21 बाइट होतात. सातच वाचले तर तिसरे अक्षर मध्येच तुटते आणि पायथन डीकोडची चूक दाखवतो. इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही.

माझे मत थोडे टोकाचे वाटेल, पण दोन भाषांमध्ये जावाचा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम किंवा पायथनचा पिकल (आपापल्या भाषेतील वस्तू बाइटांत साठवण्याच्या सोयी) वापरूच नये. लांबी आणि त्यामागे जेसन (दोन्ही भाषांना वाचता येणारा साधा मजकुराचा साचा) एवढे बहुतेक कामांना पुरते. अर्थात सेकंदाला हजारो संदेश असतील तर हा सल्ला बाजूला ठेवावा.

जाता जाता, क्लायंट 'लोकलहोस्ट'वर (त्याच संगणकाच्या नावावर) जोडलाच जात नसेल तर 127.0.0.1 देऊन पाहावे. काही ठिकाणी ते नाव आधी आयपीव्ही6 च्या (नव्या प्रकारच्या) पत्त्याकडे जाते आणि सर्व्हर तिथे ऐकत नसतो. एवढे करूनही अडले, तर पहिल्या संदेशाचे सोळा-वीस बाइट हेक्समध्ये (वरच्या 00 00 00 05 सारखे) इथे द्यावेत.