चौकावर काच घालण्याआधी वाटणीपत्र वाचा

तुमच्या घराचा मधला चौक उघडा आहे, पावसाळ्यात फरशी सतत ओली राहते आणि आई त्यावरून दोनदा घसरल्या. म्हणून गच्चीच्या पातळीवर काचेचं स्कायलाइट बसवायचं तुम्ही ठरवलंत. काकांच्या वरच्या दोन खिडक्या याच चौकात उघडतात आणि ते कोर्टात जाईन म्हणतात. वाटणी २०११ ची, २० वर्षं झालेली नाहीत, म्हणजे त्यांना हक्क नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय.

त्यावर विसंबू नका. सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे उजेड-वाऱ्याचा हक्क २० वर्षांच्या अखंड वापराने मिळतो, हे बरोबर. पण तुमचं घर एकाचं दोन झालेलं आहे, तिथे कलम १३ बघावं लागतं. वाटणीच्या वेळी उघड दिसणारी, कायम चालू असलेली आणि त्या हिश्शाच्या वापराला आवश्यक असलेली सोय वाटणीनंतरही टिकते, वाटणीपत्रात वेगळं ठरलेलं नसेल तर. खिडक्या २०११ ला होत्या ना? मग २० वर्षं मोजायची गरजच नाही. आणि चौक सामाईक ठेवलेला असेल, तर काकांच्या संमतीशिवाय तिथे काहीही बांधू नका.

अर्थात थोडा उजेड कमी झाला म्हणून दावा टिकत नाही; कलम ३३ प्रमाणे नुकसान ठळक असावं लागतं. काचेतून उजेड येईल, वारा मात्र अडेल, आणि तुमची बाजू तिथेच कमकुवत आहे. स्कायलाइट कठड्यापासून वर उचलून चारही बाजू जाळीच्या ठेवा. तसा नकाशा काढून तो घेऊन स्वतः काकांकडे जा आणि संमती लेखी घ्या.

‘काचेला परवानगी लागत नाही’ हे ठेकेदाराचं म्हणणंही मानू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ चं कलम ४३ घराच्या आतल्या किरकोळ बदलांना सूट देतं. पण मंजूर नकाशात आकाशाला खुला दाखवलेला चौक झाकला, तर चटईक्षेत्राचा, म्हणजे किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेचा, प्रश्न येऊ शकतो, शिवाय आतल्या खोल्यांच्या वायुवीजनाचाही. वास्तुविशारदामार्फत कलम ४४ खाली परवानगीसाठी अर्ज करा. आधी बांधून मग नियमित करू म्हणाल, तर विनापरवाना काम काढून टाकण्याची कलम ५३ ची नोटीस येऊ शकते, आणि नियमात न बसणारं काम पाडावंच लागतं.

परवानगीला वेळ लागेल. तोवर आईंच्या वाटेवर न घसरणाऱ्या चटया टाका आणि तुमच्या बाजूच्या भिंतीला धरायला दांडा लावा, हे आजच करा.