रेगे आणि डान्सहॉलमध्ये पुढे काय येणार, हे आधी कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, रेगे आणि डान्सहॉल या जमैकातल्या संगीतप्रकारांमधली येऊ घातलेली गाणी आणि अल्बम आधीच कसे कळतात, आणि कलाकारांनी जाहीर केलेल्या तारखांवर कितपत विसंबावे. मी २००३ पासून हे संगीत पुण्यात राहून नेमाने ऐकत आलो आहे. त्यावरून माझे उत्तर असे की, अल्बमच्या तारखेकडे डोळे लावून बसू नये. रिडिमवर लक्ष ठेवावे. तारीख पुढे जाते, अल्बमचे नाव बदलते, कधी अख्खा अल्बमच बारगळतो. पण रिडिम एकदा हवेत आला की त्याच्यामागून गाणी येतातच.

रिडिम म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण हिंदी चित्रपटसंगीत किंवा पाश्चात्त्य पॉप ऐकून तयार झालेल्या कानांना ही पद्धत सुरुवातीला चक्रावून टाकते. २००३ साली दूरचित्रवाणीवर शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ लागले आणि मी त्या गाण्याच्या प्रेमात पडलो. काही दिवसांनी वेन वंडरचे ‘नो लेटिंग गो’ ऐकले, तर त्यात त्याच टाळ्या, तोच ठेका! एकाने दुसऱ्याची उघडउघड चोरी केली आहे, अशी माझी खात्रीच पटली होती. चोरी कोणीच केलेली नव्हती. दोन्ही गाणी स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन या निर्मात्याने रचलेल्या एकाच रिडिमवर होती आणि त्या रिडिमचे नाव होते ‘दिवाली’. बाउंटी किलर आणि एलिफंट मॅन यांनीही त्याच्यावर आपापली गाणी म्हटली होती. ‘गेट बिझी’ त्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पण जमैकातल्या श्रोत्याच्या दृष्टीने ते एका मोठ्या कुटुंबातले एक भावंड होते.

आपल्याकडच्या भजनी मंडळात एकाच चालीवर आज तुकोबांचा आणि उद्या नामदेवांचा अभंग म्हटला जातो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. रिडिमचे तत्त्व याच्या जवळचे आहे, फक्त एक फरक ध्यानात ठेवावा: भजनात चाल तीच राहते आणि शब्द बदलतात, तर रिडिममध्ये बेस, ड्रम आणि कीबोर्ड यांचे मिळून झालेले अंग तेवढे कायम राहते, आणि त्याच्यावर प्रत्येक जण आपले शब्दही आणतो आणि आपली चालही आणतो. निर्माता आधी रिडिम तयार करतो, मग दहा-पंधरा गायकांना आणि डीजेंना बोलावून त्यांचे आवाज त्यावर घेतो. (जमैकात तालावर शब्द म्हणणाऱ्याला डीजे म्हणतात आणि तबकड्या वाजवणाऱ्याला सिलेक्टर, हा फरक माहीत नसला तर तिथल्या बातम्या वाचताना फार घोटाळा होतो.)

यातून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. एखाद्या निर्मात्याच्या नव्या रिडिमवरचे पहिले गाणे कानावर पडले, की आपण एका गाण्यावर थांबलेलो नसतो; आणखी अनेक गाण्यांची सूचना आपल्याला मिळालेली असते. मी यासाठी एक जाड वही ठेवली आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर रिडिमचे नाव, त्याखाली निर्मात्याचे, आणि मग ज्या क्रमाने गाणी माझ्या कानावर आली त्या क्रमाने गायकांची नावे. दोन नावे लिहून झाली की खालची जागा मी मुद्दाम मोकळी सोडतो. बहुतेक वेळा ती भरते. २००२–०३ च्या सुमाराची पाने इतकी गच्च आहेत की समासातही नावे लिहावी लागली. अलीकडच्या वर्षांत मात्र कलाकार स्वतंत्र गाण्यांकडे अधिक वळल्यामुळे अनेक पाने अर्धी कोरी राहतात, आणि हा बदल मला मनापासून खटकतो.

जुने रिडिमही मरत नाहीत. स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रणगृहात १९६७ साली साउंड डायमेन्शन या वादकसंचाने वाजवलेल्या ‘रिअल रॉक’वर पुढे शेकडो गाणी झाली. डेमियन मार्लीचे २००५ चे ‘वेलकम टू जॅमरॉक’ उभे आहे ते स्लाय आणि रॉबी या जोडीने आयनी कमोझीच्या १९८४ च्या ‘वर्ल्ड अ म्युझिक’साठी रचलेल्या रिडिमवर. म्हणून पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा असेल, तर मागे काय होऊन गेले हेही ऐकलेले असावे लागते; एखादा निर्माता जुना बेस झाडूनपुसून पुन्हा बाहेर काढतो आहे, हे ज्याने मूळ ऐकले आहे त्याला पहिल्या चार मात्रांतच कळते.

आता दुसरा भाग, म्हणजे गाणे प्रसिद्ध होण्याआधी ते ऐकायला कुठे मिळते. जमैकात नवे गाणे दुकानात येण्याआधी रस्त्यावर येते, आणि ही रीत फार जुनी आहे. साउंड सिस्टीम, म्हणजे माणसाहून उंच स्पीकरांच्या भिंती रचून मोकळ्या मैदानात गाणी वाजवणारे संच, हे तिथल्या संगीताचे खरे परीक्षागृह आहे. निर्माता गाण्याची एक प्रत डबप्लेट नावाच्या मऊ लाखेच्या तबकडीवर कोरून घेई आणि विश्वासातल्या साउंड सिस्टीमला देई. ती तबकडी पुष्कळदा वाजवली की झिजून जाई, पण तोवर लोकांचा कौल मिळालेला असे. लोकांनी आरडाओरडा करून गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले, तर ते छापायचे. मैदान थंड राहिले, तर पुन्हा स्टुडिओत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘स्लेंग टेंग’ या रिडिमचे आहे. कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये हिरोको ओकुदा या जपानी अभियंता स्त्रीने एक तयार ठेका बसवून ठेवला होता. तो नोएल डेव्ही आणि गायक वेन स्मिथ यांच्या हाती लागला, किंग जॅमी या निर्मात्याने त्याची लय संथ केली, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर, ब्लॅक स्कॉर्पिओ या साउंड सिस्टीमशी झालेल्या सामन्यात तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला. त्या रात्रीनंतर संगणकीय रिडिमचे युग सुरू झाले असे मानतात. वाद्यवृंद बोलावण्याची गरजच उरली नाही, त्यामुळे नवे रिडिम निघण्याचा वेग एकदम वाढला. ज्याने त्या रात्रीचा बोभाटा ऐकला असेल, त्याला पुढच्या काही वर्षांत काय काय येणार याची चाहूल कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीच्या आधी लागली असेल.

आज डबप्लेटची जागा फायलीने घेतली आहे, तरी क्रम तोच आहे: आधी सिलेक्टर, मग रेडिओ, मग प्रसिद्धी. म्हणून पुण्यात किंवा सावंतवाडीत बसलेल्या श्रोत्याने नामांकित साउंड सिस्टीमची मिश्रणे, म्हणजे सिलेक्टरने एकापाठोपाठ सलग वाजवलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे, ऐकावीत. १९७२ पासून चालत आलेली ‘स्टोन लव्ह’ हे त्यांतले ठळक नाव. १९९० मध्ये ओचो रिओसहून सुरू झालेले आयरी एफएम इंटरनेटवर लावून ठेवावे, कारण ते केंद्र रेगेसाठीच निघाले. मिश्रणाच्या मध्यावर एखादे अनोळखी गाणे येते, सिलेक्टर ते दोनदा मागे ओढून पुन्हा सुरू करतो आणि ते कुठे शोधूनही सापडत नाही, अशा वेळी मिनिट आणि सेकंद टिपून ठेवावेत. ते गाणे वाटेवर आहे.

अल्बमचे गणित मात्र वेगळे आहे आणि तिथे संयम लागतो. डान्सहॉलमध्ये एकेरी गाणे हेच चलन आहे. कार्यक्रमांची आमंत्रणे त्याच्या जोरावर मिळतात, आणि अल्बम अनेकदा त्यानंतरचा सोपस्कार असतो. रेगेमध्ये, विशेषतः मूळ वळणाच्या रेगेमध्ये, अल्बमला मान आहे, पण घाई नाही. डेमियन मार्लीचा ‘वेलकम टू जॅमरॉक’ २००५ चा आणि त्यानंतरचा एकट्याचा अल्बम ‘स्टोनी हिल’ २०१७ चा. मधल्या काळात नास या अमेरिकन रॅपरबरोबरचा २०१० चा अल्बम सोडला, तर बारा वर्षांचे अंतर. कॉफी या जमैकन गायिकेने २०१९ मध्ये ‘रॅप्चर’ हा अवघ्या पाच गाण्यांचा संच काढला, जानेवारी २०२० मध्ये त्याला रेगे अल्बमचे ग्रॅमी मिळाले, आणि तो मान मिळवणारी ती सर्वांत लहान वयाची कलाकार ठरली. एवढे यश मिळाल्यावर कोणत्याही कंपनीने सहा महिन्यांत अल्बम मागितला असता. तो आला मार्च २०२२ मध्ये, आणि अर्ध्या तासात संपतो. मला तो अर्धा तास पुरेसा वाटला. त्यात भरतीचे एकही गाणे नाही.

जाहीर केलेल्या गोष्टींवर कितपत विसंबावे, याचे उत्तर क्रॉनिक्स या जमैकन गायकाकडे पाहून मिळते. २०१७ मध्ये त्याचा ‘क्रॉनॉलॉजी’ हा अल्बम आला आणि त्यानंतर ‘डेला स्प्लॅश’ नावाच्या पुढच्या अल्बमची बोलणी सुरू झाली. एकेक गाणे येत राहिले, आम्ही प्रत्येक गाण्यात अल्बमची चाहूल शोधत राहिलो, महामारी येऊन गेली, आणि डेला स्प्लॅश काही येईना. शेवटी १० ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच्या वाढदिवशी, अल्बम आला तो ‘एक्झाइल’ या वेगळ्याच नावाचा. आठ वर्षांत माझ्या वहीत त्याच्या नावासमोर चार वेळा तारीख लिहून खोडलेली आहे. पण एक खूण मी वाचायला हवी होती आणि वाचली नाही: मधल्या काळात तो लंडनच्या सॉल्ट या समूहाबरोबर दिसू लागला होता, आणि ‘एक्झाइल’ घडवला तो त्याच समूहामागच्या इन्फ्लो या निर्मात्याने. कलाकार तारखेबद्दल काय बोलतो याच्यापेक्षा तो कोणाच्या स्टुडिओत जातो आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते.

वर्षाचे काही ठरलेले हंगामही असतात. फेब्रुवारी हा जमैकात रेगे महिना म्हणून पाळला जातो, कारण डेनिस ब्राउनचा जन्म १ फेब्रुवारीचा आणि बॉब मार्लीचा ६ फेब्रुवारीचा; त्या सुमारास रेगेचे अल्बम आणि जुन्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. जुलैत जमैकातल्या माँटेगो बे येथे समफेस्ट हा संगीत महोत्सव असतो, आणि त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत डान्सहॉलची गाणी धडाधड येतात, कारण मंचावर म्हणण्याआधी ती लोकांच्या तोंडी बसायला हवीत. ऑगस्टअखेरची गर्दी ग्रॅमीमुळे असते. अलीकडे त्या पारितोषिकासाठीची मुदत त्याच सुमारास संपत आली आहे. लिला आयके या जमैकन गायिकेचा पहिला पूर्ण अल्बम ‘ट्रेझर सेल्फ लव्ह’ ऑगस्ट २०२५ मध्ये आला, हे मला मुळीच नवल वाटण्यासारखे नव्हते.

आपण भारतात असाल तर दूरत्वाची खंत बाळगू नका, उलट घड्याळ आपल्या बाजूचे आहे. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे, आणि आपण किंग्स्टनच्या साडेदहा तास पुढे आहोत. जो अल्बम प्रत्येक देशाच्या मध्यरात्री खुला होतो, तो आपल्याकडे शुक्रवार सुरू होताच वाजू लागतो, तेव्हा जमैकात गुरुवारच्या दुपारचा दीड वाजलेला असतो. जो न्यूयॉर्कच्या मध्यरात्री सगळीकडे एकदम खुला होतो, तो आपल्याला सकाळी साडेनऊ किंवा साडेदहाला मिळतो, हे तिथल्या उन्हाळी-हिवाळी वेळेवर अवलंबून. समफेस्टचे प्रक्षेपणही असेच सोयीचे पडते: तिथे पहाटेचे पाच वाजता मुख्य कलाकार मंचावर असतो, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात आणि चहा टाकून निवांत ऐकता येते.

प्रत्यक्ष साउंड सिस्टीमसमोर उभे राहण्याचा अनुभव हवा असेल, तर गोव्याकडे लक्ष ठेवा. दिल्लीच्या रेगे राजाज या मंडळींनी २०१६ मध्ये तिथे गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू केला. इयरफोनवर जो बेस नुसता ऐकू येतो, तो तशा स्पीकरांपुढे छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो, आणि मगच कळते की हे रिडिम कोणत्या जागेसाठी रचलेले असतात.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढेच करा. आपल्याला अलीकडे आवडलेले एक डान्सहॉलचे गाणे घ्या, त्याचा गायक बाजूला ठेवा आणि निर्मात्याचे व रिडिमचे नाव शोधून काढा. त्या रिडिमवरची उरलेली गाणी एका बैठकीत ऐका, आणि शेवटी त्याची नुसती वाद्यांची आवृत्ती, जिला तिथे ‘व्हर्जन’ म्हणतात आणि जी पूर्वी तबकडीच्या मागच्या बाजूला असे, ती दोनदा ऐका. त्यानंतर त्या निर्मात्याचे पुढचे काम कुठेही, कोणत्याही मिश्रणात, नाव न सांगता वाजले तरी आपल्याला ते ओळखू येईल.