अमानत, अनामत आणि अफरातफर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या खजिनदाराविरुद्ध इंदूरच्या ठाण्यात तक्रार दिली. कागदावर ‘अमानत में खयानत’ असं लिहिलं. मराठीत याला काय म्हणतात?
(लोकमान्य नगर)

उत्तर : हा शब्द तुमच्या घरातलाच आहे, ताई. मुलाच्या होस्टेलला भरतो ती ‘अनामत’ म्हणजेच अमानत. मराठीच्या तोंडी म आणि न यांनी जागा बदलल्या, एवढंच. अरबीतली हिची मूळ अक्षरं अ-म-न, आपलं ‘इमान’ त्याच कुळातलं. खयानत म्हणजे दगा. विश्वासाने हाती सोपवलेल्या वस्तूत केलेला दगा, हा पूर्ण अर्थ. मराठी कायद्यात याला ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ म्हणतात. न्यास म्हणजेही ठेवलेलं, सोपवलेलं. मनुस्मृतीतल्या १८ व्यवहारपदांत, म्हणजे तंट्यांच्या प्रकारांत, ऋणादानाच्या (कर्जाच्या तंट्याच्या) पाठोपाठ निक्षेप, म्हणजे ठेव, येते. इतका हा तंटा जुना आहे. ‘पैसे खाल्ले’ म्हटलं की त्यातला विश्वास नजरेआड होतो आणि गुन्ह्याचं मर्म तर तिथेच आहे. चोर न विचारता नेतो. इथे आपणच किल्ली दिलेली असते.

प्रश्न : ‘मंडळात अफरातफर झाली’ म्हटल्यावर हिंदीभाषक शेजारी म्हणाले, ‘भगदड़ मची क्या?’ असं का?
(सुदामा नगर)

उत्तर : मूळ जोडी ‘इफ्रात-तफ्रीत’, म्हणजे अतिरेक आणि उणीव. हिंदीत तिची अफरातफरी झाली नि अर्थ गोंधळ, पळापळ असा ठरला. मराठीत ती हिशेबाच्या वहीत शिरली. इथे जास्ती, तिथे कमी: मला तरी मराठी अर्थच मुळाला जवळचा वाटतो.

प्रश्न : गबन आणि अपहार एकच का?

उत्तर : व्यवहारात हो. गबन अरबी, मूळ अर्थ सौद्यातली फसवणूक. अपहार संस्कृत, अप + हृ, अपहरणाचा सख्खा भाऊ.

प्रश्न : मेहुण्याला हातउसने २ लाख दिले, परत देत नाही. खयानतीचं कलम लागेल?

उत्तर : नुसत्या उसनवारीला नाही. उसने दिलेले पैसे त्याचे झाले, तुमचं उरलं ते येणं. त्यासाठी दिवाणी दावा, साधारणपणे पैसे दिल्यापासून ३ वर्षांत. हेच २ लाख ‘माझ्या नावाने बँकेत भर’ म्हणून दिले असते आणि त्याने स्वतःसाठी वापरले असते, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागू शकलं असतं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. मात्र १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०६, तिथे कमाल ३ वर्षं. म्हणून वकिलाकडे जाताना पैसे कशासाठी दिले हे दाखवणारा संदेश किंवा चिठ्ठी सोबत न्या.